भालेराव नानांचं शिळं पाणी

आमच्या कॉलनीतल्या गटारातून पाणी वाहायला लागलं की भालेराव नाना त्याच्या उलट दिशेने चालायला लागतात. हातात काठी असते, पण ती आधारासाठी नाही. पंचाहत्तरी जवळ आली तरी नाना ताठ आहेत. काठी पाण्यात बुडवायची, वर काढून ओलं टोक बघायचं, पुढे व्हायचं, असं करत ज्या घराच्या मोरीतून ते पाणी निघालं त्या घरापर्यंत पोचायचं आणि बेल दाबायची. दार उघडेपर्यंत बेलवरचं बोट काढायचं नाही. दार उघडल्यावर नमस्कार वगैरे काही नाही. थेट प्रश्न.

"कोनतं पानी सोडलं?"

आम्ही नगरला सावेडीत राहायला आलो त्याच आठवड्यात हा प्रश्न माझ्या वाट्याला आला. आमच्या कॉलनीला स्वतःची उंच टाकी आहे आणि तिचं पाणी घरांना दिवसाआड सुटतं. पाण्याच्या दिवशी सकाळी प्रत्येक घरात पहिलं काम एकच. कालचं पाणी ओतून द्यायचं, हंडे घासायचे आणि ताजं भरायचं. परवाचं असलं तरी म्हणायचं कालचंच, आणि कालचं ते शिळं. माझी आई हेच करायची आणि आजीही हेच करायची, त्यामुळे मीही नव्या घरात पहिल्या पाण्याच्या दिवशी हेच केलं होतं. मी सरळपणे म्हटलं, "शिळं होतं."

"शिळं," नाना म्हणाले. "धरनात चार म्हैने हुतं तवा शिळं झालं न्हाई. कालव्यातून आलं, टाकीत बसलं, तितं बी झालं न्हाई. तुमच्या हंड्यात आलं आन् दोन रातीत शिळं झालं व्हय? हंड्यात घालता तरी काय तुमी?"

मला संताप आला. अजून खोकी उघडली नव्हती, चहा झाला नव्हता, आणि एक अनोळखी म्हातारा दारात उभा राहून माझ्या हंड्याची चौकशी करत होता. मी दार लावून घेतलं. बेल पुन्हा वाजली. "अजून एक सांगायचं राह्यलं," नाना म्हणाले, "मी भालेराव. कोपऱ्यातल्या बारा नंबरात राहतो. काय लागलं तर हाक मारा." आणि काठी हलवत गेले.

नाना मूळचे राहुरीकडचे, दोन-तीन पिढ्यांपासूनचं ख्रिस्ती घराणं. सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात झाली, कालवा निरीक्षक म्हणून. कालव्याच्या काठाने मोटरसायकल हाणायची आणि रात्रीतून उसाला चोरून पाणी घेणाऱ्यांशी भांडायचं, हे त्यांचं काम. असे लोक निरीक्षकाला आधी जेवायला बोलवतात आणि नंतर बघून घेतो म्हणतात. नाना जेवायला कोणाकडे गेले नाहीत आणि बघून घ्यायला आलेल्यांना त्यांनी चहा पाजला. निवृत्त झाले तेव्हा कालवा सुटला, पण निरीक्षण काही सुटलं नाही.

लग्नाला जाताना नाना बादली घेऊन जातात. अर्ध्या प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या टेबलाखाली पडलेल्या असतात, त्या गोळा करून बादलीत ओततात आणि मंगल कार्यालयाबाहेरच्या झाडांना घालतात. यजमान लाजेने अर्धमेले होतात. एकदा नवरदेवाच्या हातातली बाटली त्यांनी विचारून घेतली, "संपली का तुमची?" चर्चमध्ये पाळकांनी एका बाळाच्या बाप्तिस्म्याला पाण्याने भरलेलं मोठं पात्र आणलं, तेव्हा पहिल्या बाकावरून नाना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लेकरू केवढं, पानी केवढं." कोणाच्याही घरी गेले तर "अर्धाच गिलास द्या, तहान अर्धीच हाय" हे ठरलेलं. यजमानाने भरून आणला तर अर्धा परत ओतायला लावतात आणि ओतला की नाही ते बघायला स्वयंपाकघरापर्यंत जातात.

आता गंमत अशी, की कॉलनीत सगळ्यात नेमाने शिळं पाणी ओतणारी बाई कोण, तर नानांची बायको. रूथकाकू.

त्यांच्या मोरीचं तोंड मागच्या नाल्याकडे आहे, त्यामुळे ते पाणी आम्हाला दिसायचं नाही, पण भांडण ऐकू यायचं. पाण्याच्या दिवशी सकाळी नानांचं धरणापासूनचं भाषण सुरू व्हायचं आणि काकू हंडा उपडा करता करता म्हणायच्या, "तुमचं धरण तुम्ही प्या. माझ्या घरात पाहुणा आला तर मी त्याला कालचं पाणी देणार नाही." मग नाना "उधळी बाई हाय ही, उधळी" असं करवादत बाहेर पडायचे आणि तो सगळा राग आमच्या बेलांवर निघायचा. मी एकदा काकूंना विचारलं, रोज कसं सहन करता. त्या म्हणाल्या, "भांडतात ते बरं आहे गं. गप्प बसलेला माणूस मला सोसत नाही."

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर बारा नंबरातलं भाषण थांबलं, गटाराच्या उलट चालणं मात्र चालूच राहिलं. उलट बेल जास्त वेळ वाजायला लागली.

मागच्या उन्हाळ्यात कॉलनीत पाण्याची बोंब झाली. टाकी भरलेली असायची, पण पाणी शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचंच नाही. शेवटच्या रांगेतल्या बायका पहिल्या रांगेवर नळाला मोटारी लावल्याचा आरोप करायला लागल्या. पहिली रांग म्हणायला लागली, तुम्हीच टाक्या मोठ्या बांधल्यात. माझ्याकडे कॉलनीचं सेक्रेटरीपद आहे, म्हणजे ते घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. त्यामुळे दोन्ही रांगांची बोलणी मला खावी लागली. शेवटी पुण्याच्या एका कंपनीचा माणूस बोलावला. टाकीजवळच्या मोकळ्या जागेत खुर्च्या टाकून सभा भरली.

त्याने सोबत आणलेला डबा पुढे ठेवून समजावून सांगितलं. प्रत्येक घराच्या नळावर मीटर बसणार आणि टाकीखाली हा डबा. त्या डब्यातला एआय प्रत्येक घराची पाण्याची सवय शिकणार, कधी भरतात, किती भरतात. घरात माणसं किती हे सुरुवातीला आपण सांगायचं, पुढे तो आपला आपण अंदाज दुरुस्त करत जातो. तेवढ्याच माणसांच्या दुसऱ्या घरांशी ताडून बघतो, आणि कुठे पाणी जास्त चाललंय किंवा गळतंय असं दिसलं की कळवतो.

नाना उठले. "एक इचारतो. पेपरात आलं हुतं, ह्या एआयच्या मोठ्या मशिनी गार ठेवायला लई पानी लागतं. मंग हे आमचं पानी वाचवनार आन् तिकडं कुनाचं पिनार?"

तो माणूस गडबडला. मग म्हणाला, "काका, तुमचं बरोबर आहे, मोठ्या यंत्रांना लागतं. पण हा डबा छोटा आहे, सगळा हिशोब इथेच टाकीखाली करतो. याला पंखाही लागत नाही."

"लेखी द्या," नाना म्हणाले. त्याने खरंच लेखी दिलं. मग नाना डब्याभोवती एक चक्कर मारून आले आणि त्यांनी निकाल दिला. "म्हंजी हा कालवा निरीक्षकच हाय. फकस्त ह्याला कुनी जेवायला बोलवू शकत न्हाई."

आमचे चेअरमन बोरुडे यांचं लॉन ही कॉलनीची शान होती. भर मे महिन्यात हिरवंगार. बोरुडे येणाऱ्या-जाणाऱ्याला फाटकाशी थांबवून सांगायचे, "पाणी घालतच नाही मी. ताक शिंपडतो. माझा हातच तसा आहे." आम्हीही घरी जाऊन कुंड्यांना ताक शिंपडलं होतं. त्याने फक्त मुंग्या झाल्या.

डबा बसून थोडे दिवस झाले आणि माझ्या फोनवर त्याचा निरोप आला. सगळ्या घरांचे नळ बंद असतानाही टाकीतून पाणी जातंय, आणि ते जातंय पहिल्या मीटरच्याही आधी. म्हणजे टाकी आणि बोरुड्यांचं पहिलं घर यांच्या मध्ये. खणलं. लॉनच्या बरोबर खाली जुन्या पाइपचा जोड उखडलेला होता आणि कित्येक दिवस पाणी तिथे मुरत होतं. आम्ही सगळे खड्ड्याभोवती उभे. बोरुडे म्हणाले, "यात माझा काय दोष?" दोष त्यांचा नव्हताच. पण नाना खड्ड्यात काठी बुडवून वर काढत म्हणाले, "ताकाचा वास येत न्हाई बरं का," आणि शेवटच्या रांगेतल्या बायका इतक्या हसल्या की बोरुडे आत निघून गेले. हे ते कधी विसरले नाहीत.

जोड बदलला आणि शेवटच्या रांगेला पाणी आलं. इतकं साधं होतं ते, आणि त्याच्यासाठी आम्ही दोन महिने एकमेकांच्या गच्च्यांवर डोकावत होतो. नानांना तर आयुष्यात पहिल्यांदा बरोबरीचा सहकारी मिळाला. पुढच्या सभेत त्यांनी ठराव मांडला की डब्याने ज्या घराचं नाव काढलं ते दर रविवारी कॉलनीच्या ग्रुपवर जाहीर टाकायचं. "नाव लपवायचं न्हाई. ल्हान-मोठं बघायचं न्हाई." बोरुड्यांनी विरोध केला, शेवटच्या रांगेने हात वर केले आणि ठराव पास झाला.

पहिल्याच रविवारी माझं नाव आलं. सेक्रेटरीचं. मी चिडले, मीटरला दोष दिला, आणि पुढच्या पाण्याच्या दिवशी हंड्यातल्या शिळ्या पाण्याने गुपचूप फरशी पुसून घेतली. तसंच सगळ्यांचं झालं. कोणी ते पाणी कूलरमध्ये ओतलं, कोणी कुंड्यांना घातलं, आणि काही जणांनी तर ते चक्क प्यायलं व त्यांना काही झालं नाही. गटार कोरडं पडलं. नाना सकाळी कोरडी काठी घेऊन कोरड्या गटाराच्या कडेने फिरायचे, आणि इतका बेकार माणूस मी इतका खुशीत कधी पाहिला नाही.

आता बाकीची घरं सुधारली म्हणजे उरलेलं घर उठून दिसणारच. एका रविवारी निरोप आला. घर क्रमांक बारा. एका माणसाच्या घराच्या मानाने पाणी जास्त, दर पाण्याच्या दिवशी सकाळी.

ग्रुपवर काय उसळी आली म्हणून सांगू. वर्षानुवर्षं ज्यांच्या बेला दाबल्या गेल्या होत्या त्या सगळ्यांनी हसऱ्या तोंडांची चित्रं टाकली. बोरुड्यांनी त्याच संध्याकाळी सभा लावली, जी ते एरवी महिनोन् महिने लावत नाहीत. फोन समोर धरून त्यांनी निरोप मोठ्याने वाचला, दोनदा.

"नाना, मशीन चुकलं म्हणा," ते गोड आवाजात म्हणाले, "आम्ही ऐकून घेऊ."

"मशीन चुकलं न्हाई," नाना म्हणाले.

"मग नळ गळतोय का?"

"नळ नीट हाय."

"मग एकट्या माणसाचं एवढं पाणी जातं कुठे?"

नाना उभे राहिले. मला वाटलं आता धरणापासून सुरुवात होणार. पण ते एवढंच म्हणाले, "नाव राहू द्या तितं," आणि चालायला लागले. काठी खुर्चीला टेकलेली तशीच राहिली. मागून कोणीतरी म्हणालं, "लोकांना सांगतो वाचवा आणि स्वतः पोहतो वाटतं घरात," आणि सभा हसली. या हसणाऱ्यांपैकी निम्म्या घरांत त्या उन्हाळ्यात पाणी पुरलं ते त्या म्हाताऱ्याने ठराव मांडून नळ आवरायला लावले म्हणून. मी सेक्रेटरी असून काही बोलले नाही याचा राग मला घरी येऊन आला, आणि तो मी नवऱ्यावर काढला.

काठी मी घेऊन आले होते. पुढच्या पाण्याच्या दिवशी सकाळी ती द्यायला बारा नंबरात गेले. मनात होतं, गच्चीवरच्या टाकीचा बॉल खराब असेल, प्लंबर पाठवावा. दार लोटलेलंच होतं. हाक मारली तर आतून "या" आलं.

नाना मोरीत बसले होते. समोर तांब्याचे दोन हंडे आणि एक कळशी. एका हंड्यातलं पाणी त्यांनी माझ्यासमोर उपडं केलं, भळाभळा, सगळंच्या सगळं. मग चिंच आणि मीठ घेऊन हंडा घासायला लागले. हंडा आधीच इतका लखलखीत होता की त्यात घासायला काही नव्हतं. मागे नळाचं ताजं पाणी कळशीत पडत होतं.

"नाना," मी म्हटलं, "हे काय?"

"शिळं हुतं," ते म्हणाले.

मी उंबऱ्यातच बसले. ते घासत राहिले आणि माझ्याकडे न बघता बोलले, तेही चिडूनच, जसे माझ्या दारात बोलायचे तसे.

"त्या दिशी बी पान्याचा दिवस हुता. ताप हुता तिला. म्हनली, ताजं पानी द्या. नळ चालू हुता बाई, ह्यो हितं. हात लांब केला असता तर मिळालं असतं. पन मी हंड्यातलं दिलं, कालचं. वर धरनाचं भाषन केलं. तिनं घेतलं आन् पिली. काय बोलली न्हाई. जल्मात पहिल्यांदा काय बोलली न्हाई." त्यांनी हंडा फिरवला. "मला वाटलं, जिकलो. सांजच्याला दवाखान्यात नेली, ती पुन्हा घरी आली न्हाई."

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. बोरुड्यांचा, ग्रुपवरच्या त्या हसऱ्या चित्रांचा, त्या डब्याचा, आणि सगळं समजतं अशा तोऱ्यात रविवारी येणाऱ्या त्याच्या निरोपाचा. मी म्हटलं, "नाना, मी आजच सगळ्यांना सांगते."

"कुनाला सांगितलं तर तुमच्या दारात बेल धरून हुबा राहीन," ते म्हणाले. "नाव येनार हे म्हाईत हुतं मला. लपवायचं न्हाई असं मीच म्हनलो हुतो ना? मंग."

मी कोणाला सांगितलं नाही. पण नाना गटाराकडे फिरकेनासे झाले. ज्याचं स्वतःचं नाव दर रविवारी येतं त्याने दुसऱ्याची बेल कोणत्या तोंडाने दाबायची, असं त्यांनीच ठरवून टाकलं असावं. काठी दारामागे गेली. आणि कॉलनीचं काय विचारता. नानांचंच नाव येतं तर आम्ही काय मोठे साधू लागून गेलो, असं म्हणत लोकांनी पुन्हा हंडे उपडे करायला सुरुवात केली. गटार वाहायला लागलं. डबा बिचारा नावं काढत होता, पण डब्याला बेल दाबता येत नाही. त्याला एक माणूस लागतो, चिडणारा, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मग एका रविवारच्या निरोपात सहा-सात घरं होती, पण बारा नंबर नव्हता. त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी सकाळी माझी बेल वाजली आणि थांबेचना.

दारात नाना. "माझं नाव का न्हाई?"

"तुम्ही ओतायचं बंद केलंत का?"

"आत्ता वतून आलोय. दोन हंडे आन् कळशी. मशीन फितूर झालंय, बाई. बोरुड्यानं जेवायला घातलं असंल त्याला. तक्रार करा कंपनीकडं."

मी त्यांना आत बसवलं आणि सेक्रेटरीच्या फोनवर बारा नंबरचं पान उघडलं. तिथे आधी मी भरलेला एकाचा आकडा होता. तो आता बदललेला होता. मी पुन्हा वाचलं, मग त्यांना वाचून दाखवलं. "राहणारी माणसं, अंदाजे दोन."

"आँ?"

"तो सवयी शिकतो ना, नाना. तुमच्या घरात पाण्याच्या दिवशी सकाळी लवकर एक जण उठून हंडे भरतं, आणि नंतर उशिरा एक जण अंघोळ करतं. हे इतके दिवस एकदाही चुकलं नाही. त्यामुळे त्याच्या हिशोबात तुम्ही घरात दोघं आहात." मग मी विचारलं, "चुकलंय ते. कंपनीला कळवू का?"

"खबरदार," नाना म्हणाले. मग मान पुढे करून, "खाली काय लिवलंय?"

"दोन माणसांच्या इतर घरांच्या मानाने वापर कमी. काटकसरी घर."

त्यांनी फोन हातात घेतला. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि बोट ठेवून ती ओळ वाचली.

"दोन हंडे आन् कळशी वतून बी?"

"हो. ते धरूनच."

"म्हंजी ती उधळी न्हवती."

"नव्हती, नाना."

त्यांचा चेहरा लाल झाला. फोन त्यांनी माझ्या हातात जवळजवळ आपटलाच. "मंग हे मशीन तवा कुठं मेलं हुतं?" ते ओरडले. "आत्ता येतंय व्हय सांगायला? सगळा जल्म भांडलो की मी तिच्याशी."

मी आत गेले. नळाला अजून पाणी होतं. धार जरा वाहू दिली आणि एक ग्लास ताज्या पाण्याने काठोकाठ भरून त्यांच्यापुढे धरला. अर्धा परत ओता, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

मग मिटलं, ग्लास घेतला आणि काही न बोलता सगळं पाणी प्यायले.